दिवाळीच्या शटडाउनमध्ये कूलिंग टॉवर धुण्याआधी: कारखानदार आणि युटिलिटी विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींमधले कारखानदार, प्लांट हेड आणि युटिलिटी व देखभाल विभागांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या शटडाउनमधल्या कामांची यादी एव्हाना तुमच्या टेबलावर आली असेल. बॉयलरची तपासणी, ट्रान्सफॉर्मरचे तेल, कंप्रेसरचे ओव्हरहॉलिंग आणि त्याखाली कुठेतरी एक ओळ: 'कूलिंग टॉवर क्लीनिंग, १ दिवस, ठेकेदार'. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. प्लांटमधले गरम पाणी पंख्याच्या वाऱ्यावर गार करणारा हा टॉवर वर्षभर चालू असताना जेवढा घातक नसतो तेवढा तो धुण्याच्या दिवशी आणि पुन्हा सुरू होतानाच्या पहिल्या काही तासांत असतो. आणि नेमक्या त्या वेळी त्याच्या सर्वांत जवळ उभा असतो तो रोजंदारीवरचा कामगार, ज्याला यातले काहीही सांगितलेले नसते.

धोका आहे लिजिओनेला नावाच्या जिवाणूचा. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन झाले, त्यानंतर न्यूमोनियाची साथ पसरली आणि तिचे कारण हाच जिवाणू असल्याचे कळायला जानेवारी १९७७ उजाडला. हा जिवाणू नदीनाल्याच्या, विहिरीच्या पाण्यात थोडाफार असतोच. २० ते ४५ अंश सेल्सियसमध्ये तो वाढतो आणि पस्तिशीच्या आसपास जोमाने वाढतो. आपल्याकडच्या टॉवरचे बेसिन (खालची टाकी) ३०-३२ अंशांवर आणि रिटर्न लाइन (प्लांटमधून परत येणारे गरम पाणी) ३६-४० अंशांवर असते, म्हणजे आपण त्याला हवे तेच तापमान बारा महिने राखतो. पाणी पिऊन हा आजार सहसा होत नाही. अतिसूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसात खोलवर गेले की होतो. लक्षणे दिसायला साधारण २ ते १० दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तोवर टॉवरचा गाळ गटारात गेलेला असतो, ठेकेदाराची माणसे दुसऱ्या साइटवर असतात आणि ताप आलेल्या माणसाचा संबंध टॉवरशी कोणी जोडत नाही.

उत्तर फ्रान्समध्ये लेन्स शहराजवळ २००३-०४ च्या हिवाळ्यात घडलेली घटना प्रत्येक देखभाल अभियंत्याला ठाऊक असायला हवी. एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या टॉवरमुळे साथ सुरू झाली. टॉवर थांबवून उच्च दाबाच्या जेटने धुण्यात आला आणि त्या धुण्याच्या काळातच रुग्णांची दुसरी लाट आली. एकूण ८६ जण आजारी पडले, १८ दगावले आणि तुषार किमान ६ किलोमीटरपर्यंत पोचल्याचे तपासात दिसले. रोग घालवायला जे केले त्यानेच तो गावभर पसरला, कारण आधी जंतू मारले नव्हते आणि थेट जेट लावला होता. तळोजा, तारापूर, चाकण, बुटीबोरी किंवा वाळूज, यांपैकी कुठल्याही वसाहतीभोवती ६ किलोमीटरचे वर्तुळ काढून बघा. त्यात किती वस्त्या, शाळा आणि दवाखाने येतात ते मोजा.

टॉवरमधून बाहेर काय पडते, इथेच पहिला गैरसमज आहे. थंडीत दिसणारा पांढरा ढग ही बाष्पाची वाफ असते. तिच्यात क्षार नसतात आणि जंतूही नसतात. घातक असतात ते पंख्याच्या ओढीने सोबत उडणारे पाण्याचे थेंब, म्हणजे ड्रिफ्ट. ड्रिफ्ट ओळखायला उपकरण लागत नाही. टॉवरच्या वाऱ्याच्या दिशेला उभ्या असलेल्या गाडीच्या काचेकडे बघा. तिथे बोटाने घासूनही न जाणारे पांढरे ठिपके असतील, तर ते तुमच्या बेसिनमधलेच पाणी आहे, सुकून क्षार मागे ठेवलेले. जे काचेवर बसले ते श्वासातही गेलेच.

ताशी ५०० घनमीटर फिरते पाणी आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्यात ६ अंशांचा फरक, असा मध्यम आकाराचा टॉवर धरा. त्यातून तासाला साधारण ४.६ घनमीटर पाण्याची वाफ होते. क्षार पाच पटींपर्यंत साठू द्यायचे, म्हणजे सीओसी ५ ठेवायचा, तर ब्लोडाउन, म्हणजे क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचे पाणी, तासाला सुमारे १.१५ घनमीटर. चांगले ड्रिफ्ट एलिमिनेटर (उडणारे थेंब अडवणारे पॅक) नीट बसवलेले असतील तर ड्रिफ्ट ०.००२ टक्के, म्हणजे तासाला १० लिटर. तेच एलिमिनेटर तुटलेले, सरकलेले किंवा साफसफाईत काढून उलटे बसवलेले असतील आणि ड्रिफ्ट ०.१ टक्क्यावर गेला, तर तासाला ५०० लिटर. औषधावर वर्षाला लाखो रुपये घालवूनही या एका दुरुस्तीची बरोबरी होत नाही, असे आमचे ठाम मत आहे. शटडाउनमध्ये पंखा लॉक करून, दिवसा उजेडी, फॅन डेकवरचे झाकण उघडण्याआधी फिलच्या (पाणी पसरवणाऱ्या पॅकच्या) बाजूने वर बघा. जिथून सरळ उजेड दिसतो तिथे फट आहे. कडेच्या फटी, पाइपच्या भोवतीच्या फटी आणि दोन पॅकच्या सांध्यातल्या फटी, तिन्ही बंद करा.

आता, जंतूंसाठी काय करता असे विचारल्यावर मिळणाऱ्या 'आम्ही हायपो टाकतो' या उत्तराबद्दल. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, टाकला जातो हे खरे आहे, पण तो बहुतेक ठिकाणी पोचत नाही. सकाळच्या शिफ्टला कॅनमधून बेसिनमध्ये ओतलेला हायपो दुपारपर्यंत संपतो आणि पुढचे अठरा तास पाणी उघडे राहते. दुसरे कारण पीएच. सीओसी पाचच्या टॉवरमध्ये पीएच सहज ८.५ वर जातो. क्लोरीनचा जंतू मारणारा भाग म्हणजे हायपोक्लोरस आम्ल, तो पीएच ७.५ ला निम्मा असतो, ८.५ ला जेमतेम नऊ टक्के उरतो. मीटर ०.५ पीपीएम (लिटरला ०.५ मिलिग्रॅम) दाखवतो, पण काम करणारे असते ०.०५ पीपीएमच्याही खाली. अशा पाण्यात हायपोसोबत सोडियम ब्रोमाइड देऊन ब्रोमीन तयार करणे शहाणपणाचे, कारण ८.५ ला त्याचा निम्म्याहून अधिक भाग कामाचा असतो. काहीही वापरा, डोसिंग पंपाने सतत द्या: क्लोरीन असेल तर मोकळा ०.५ ते १ पीपीएम, ब्रोमीन असेल तर १ ते २ पीपीएम.

तिसरे कारण गेल्या काही वर्षांत वाढले आहे. पाणीटंचाई आणि शून्य-विसर्गाच्या अटींमुळे अनेक कारखाने एसटीपी-ईटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचे) प्रक्रिया केलेले पाणी टॉवरला मेकअप, म्हणजे घटलेल्या पाण्याची भरपाई, म्हणून देतात. पाणी वाचवणे योग्यच आहे, पण त्या पाण्यात अमोनिया असतो. १ पीपीएम अमोनिया-नायट्रोजन ८ ते १० पीपीएम क्लोरीन गिळतो, तेव्हा कुठे मोकळा क्लोरीन दिसू लागतो. मेकअपमध्ये ५ पीपीएम अमोनिया असेल तर तुमचा नेहमीचा डोस समुद्रात मीठ टाकल्यासारखा आहे. इथे क्लोरोस्कोप (रंग जुळवून क्लोरीन मोजायचे साधे किट) हमखास फसवतो. त्यातल्या ओटीच्या (ऑर्थोटोलिडीनच्या) द्रावणाचा पिवळा रंग क्लोरामाइननेही (क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगानेही) येतो, ऑपरेटर '०.५ आहे' असे लिहितो आणि मोकळा क्लोरीन असतो शून्य. क्लोरोस्कोप टॉवरवरून हटवा. डीपीडी-१ या चाचणी-गोळीने मोकळा क्लोरीन तपासा, मग त्याच नमुन्यात डीपीडी-३ गोळी घालून एकूण क्लोरीन बघा. दोन्हींत मोठी तफावत आली तर मेकअपचा अमोनिया तपासायला पाठवा.

चौथे कारण हाताला लागते. फिलचा एक तुकडा काढा आणि अंगठा फिरवा. बुळबुळीत, तपकिरी थर लागला तर तो नुसता गाळ नाही. ती जिवाणूंनी स्वतःभोवती बांधलेली भिंत आहे. तिच्यात अमीबा राहतात, लिजिओनेला त्या अमीबांच्या पोटात वाढतो आणि अमीबाने कवच धरले की आतला जिवाणू नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. म्हणून बायोडिस्पर्संटशिवाय (हा थर सैल करणाऱ्या रसायनाशिवाय) फक्त क्लोरीन वाढवणे म्हणजे कुलूपबंद घराच्या दारावर पाणी मारणे. शिवाय आठवड्यातून एकदा नॉन-ऑक्सिडायझिंग बायोसाइड (क्लोरीन-ब्रोमीनपेक्षा वेगळ्या प्रकारे जंतू मारणारी औषधे) आलटून पालटून द्या, पण त्याचा स्वभाव ओळखून. आयसोथायाझोलिनोन हळू काम करते, त्याला काही तास मिळायला हवेत, म्हणून त्या काळात ब्लोडाउन बंद. याच गटातला डीबीएनपीए झटपट मारतो, पण पीएच ८.५ च्या पुढे तासाभरात विघटित होतो. तो थेंबाथेंबाने दिला तर वाया जातो, एकदम द्यावा लागतो. ऑटो-ब्लोडाउन चालू ठेवून बायोसाइड टाकणे ही आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. औषधाचा मोठा हिस्सा कामाला लागण्याआधीच ईटीपीत जातो आणि तिथले कामाचे जिवाणू मारतो.

आता शटडाउन. इथे क्रम महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थांबण्याच्या आदल्या दिवशी ब्लोडाउन वाढवून सीओसी खाली आणा. त्याने क्षारता उतरते आणि पीएच ८ च्या खाली यायला मदत होते. आम्ल ओतण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित. उत्पादन थांबले की लगेच पंप बंद करू नका. पंखे बंद करा, ब्लोडाउन बंद करा, पंप चालू ठेवा. पुरवठादाराच्या मात्रेप्रमाणे बायोडिस्पर्संट टाका आणि मग मोकळा क्लोरीन ५ पीपीएमला नेऊन सलग ५ तास तिथे धरा. दर तासाला डीपीडीने मोजा. आकडा पडला तर पुन्हा घाला आणि तास परत मोजायला लागा. सिस्टिममध्ये एकूण १०० घनमीटर पाणी असेल तर ५ पीपीएम म्हणजे ५०० ग्रॅम क्लोरीन, ताज्या १० टक्के हायपोचे कागदावर ५ लिटर. प्रत्यक्षात थर सुटू लागला की मागणी दुपटी-तिपटीने वाढते. शिवाय उन्हात महिनाभर पडलेला हायपो ६ टक्क्यांवर आलेला असू शकतो. म्हणून २० लिटर हाताशी ठेवा आणि त्याची ताकद वापरण्याआधी तपासून घ्या. ५० पीपीएम तासभर दिले तरी चालते असे मार्गदर्शक सांगतात, पण चिलरमध्ये तांब्याच्या नळ्या किंवा टॉवरला गॅल्वनाइज्ड भाग असतील तर आम्ही ५ पीपीएम आणि ५ तास यांनाच पसंती देऊ.

हे पाच तास चालू असताना हातात सिस्टिमचा नकाशा घेऊन एक फेरी मारा. स्टँडबाय पंप, स्टँडबाय हीट एक्स्चेंजर, दोन सेलमधली इक्वलायझिंग लाइन, बायपास, कधीतरी काढलेल्या मशिनच्या मागे राहिलेली ब्लाइंड लावलेली दीड मीटर पाइप. औषधाचे पाणी या सगळ्यांतून गेले पाहिजे, म्हणून व्हॉल्व्ह उघडून किमान अर्धा तास वाहू द्या. जिथून ते वाहूच शकत नाही ती पाइप याच शटडाउनमध्ये कापून मुख्य लाइनला लागून बंद करा. अशा एका मृत टोकातला साठा चालू सिस्टिमला पुन्हा दूषित करू शकतो.

पाणी सोडण्याआधी त्यातला उरलेला क्लोरीन निष्प्रभ करा. १ ग्रॅम क्लोरीनला साधारण १.३४ ग्रॅम एसएमबीएस (सोडियम मेटाबायसल्फाइट) लागते. १०० घनमीटरमध्ये ५ पीपीएम उरले असेल तर पाऊण किलो पुरते. डीपीडीने शून्य दिसल्यावरच ईटीपीकडे सोडा.

मग साफसफाई. आधी गाळ उपसा: फावडे, वेट व्हॅक्यूम, कमी दाबाचा होज. जेट शेवटी आणि फक्त जिथे त्याशिवाय निघत नाही तिथे, टॉवरच्या लूव्हरना (हवा आत घेणाऱ्या बाजूच्या झडपांना) ताडपत्री बांधून. जेट चालू असताना वाऱ्याच्या दिशेची एएचयूची (वातानुकूलन यंत्राची) ताजी हवा बंद, कँटीनची खिडकी बंद, शेजारच्या कारखान्याला आदल्या दिवशी फोन. आत उतरणाऱ्या माणसाला रुमाल किंवा सर्जिकल मास्क चालणार नाही. एफएफपी-३ (अतिसूक्ष्म कण अडवणारा) मास्क किंवा पी-३ फिल्टर लावलेला रबरी मास्क, गॉगल, वॉटरप्रूफ सूट, हातमोजे. मास्क ठेकेदाराने आणावा असे कंत्राटात लिहून सुटका होत नाही; तुम्ही द्या आणि तो चेहऱ्यावर नीट बसतो की नाही ते तुमच्या माणसाने तपासा. दाढीवर मास्क बसत नाही, हे त्याला आदल्या दिवशी सांगायला हवे. साठ वर्षांपुढचे, धूम्रपान करणारे, दमा किंवा मधुमेह असलेले कामगार या कामाला घेऊ नका.

फिलवर खरपे (क्षारांचे कडक थर) जमले असतील आणि सल्फॅमिक आम्लाने उतरवणार असाल, तर आम्ल आणि हायपो एकाच दिवशी एकाच बेसिनमध्ये आणू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो आणि बेसिनच्या खोलगट भागात तो माणसाला बाहेर यायला वेळ देत नाही. आम्लानंतर पूर्ण धुणे, पीएच तपासणे, मगच हायपो.

साफ झालेल्या टॉवरमध्ये पाणी भरून पुन्हा ५ पीपीएम, ५ तास, पंखे बंद. ते पाणीही क्लोरीन निष्प्रभ करून सोडा. मग नवे पाणी, गंजरोधक आणि बायोसाइडचा नेहमीचा डोस, मोकळा क्लोरीन टिकतो आहे याची खात्री, आणि त्यानंतरच पंख्याचे बटण. शटडाउनमध्ये ज्यांना टॉवर रिकामा करायचाच नाही त्यांनीही हा शेवटचा टप्पा सोडू नये. तीन दिवसांहून अधिक काळ उभे राहिलेले पाणी पंखा लावण्याआधी ५ पीपीएम, ५ तास फिरवलेच पाहिजे. साखर कारखान्यांनी तर विशेष लक्ष द्यावे. हंगाम संपल्यापासून गळीत सुरू होईपर्यंत कित्येक महिने बेसिनमध्ये पावसाचे पाणी, पाला आणि गाळ साचलेला असतो, आणि बॉयलर पेटवण्याच्या गडबडीत टॉवर तसाच सुरू होतो.

रासायनिक कारखान्यांना एक वेगळी सूचना. नॉर्वेत सार्प्सबोर्ग भागात २००५ मध्ये ५६ जण आजारी पडले आणि १० दगावले, तेव्हा उगम सापडला तो एअर स्क्रबरमध्ये, म्हणजे पाण्याने हवा धुणाऱ्या यंत्रात. कूलिंग टॉवर निर्दोष होता. कोमट पाणी फिरवणारा आणि हवा बाहेर सोडणारा कुठलाही स्क्रबर, विशेषतः ज्यात कॉस्टिक किंवा आम्ल नसून साधे पाणी आहे, तोही याच यादीत घ्या.

नेहमीच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. डिपस्लाइड (पाण्यात बुडवून एकूण जिवाणू मोजायची पट्टी) आठवड्यातून एकदा, ३० अंशांवर ४८ तास ठेवून वाचा: एका मिलिलिटरला जिवाणू १० हजारांच्या खाली राहायला हवेत, १ लाखाच्या वर गेल्यास त्याच दिवशी निर्जंतुकीकरण. लिजिओनेलाची वेगळी कल्चर चाचणी (नमुन्यातले जिवाणू वाढवून मोजणारी) तीन महिन्यांनी. डिपस्लाइड स्वच्छ आली म्हणून लिजिओनेला नाही, असे मानू नका. ब्रिटनच्या मार्गदर्शनानुसार लिजिओनेला एका लिटरला १०० च्या आत ठीक, १०० ते १००० मध्ये फेरचाचणी आणि कारणांचा शोध, १००० च्या वर तातडीची कारवाई. नमुना रिटर्न लाइनमधून, बायोसाइड डोसच्या आधी, थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक १ लिटरच्या बाटलीत. लॅबकडे पाठवण्याआधी तिच्या एनएबीएल स्कोपमध्ये (मान्यताप्राप्त चाचण्यांच्या यादीत) ही चाचणी आहे का ते विचारा. कल्चरचा निकाल यायला दहा-बारा दिवस लागतात, त्यामुळे निकालाच्या भरवशावर रोजचा डोस सोडता येत नाही.

लॉगशीटवर मोकळ्या क्लोरीनच्या रकान्यात तिन्ही शिफ्टला, महिनाभर, एकाच शाईत '०.५' लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ कोणी मोजत नाही. ऑपरेटरला दोष देण्याआधी त्याच्याकडे मुदतीतल्या डीपीडी गोळ्या आहेत का ते बघा. वॉटर ट्रीटमेंटचे कंत्राटही उघडून वाचा. बहुतेक कंत्राटे महिन्याला किती किलो केमिकल पुरवले यावर पैसे देतात आणि हमी फक्त खरपे व गंजाची असते. त्यात मोकळा क्लोरीन, डिपस्लाइड आणि लिजिओनेलाचे आकडे घाला. आणि टॉवरसाठी कारखान्यातल्या एका माणसाचे नाव लिहा, ज्याला पंखा बंद ठेवण्याचा अधिकार असेल. आज युटिलिटी म्हणते केमिकल विक्रेता बघतो, विक्रेता म्हणतो डोसिंग ऑपरेटरकडे आहे, ऑपरेटर म्हणतो हायपो स्टोअरने दिला नाही.

कंपनीच्या डॉक्टरांपर्यंतही ही माहिती पोचवा. साफसफाईनंतर दोन आठवड्यांत कोणाला ताप, खोकला, जुलाब, गोंधळलेपणा यांसह न्यूमोनिया झाला तर टॉवरचा संबंध डॉक्टरांना कळायला हवा. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे या जिवाणूवर चालत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागते. लघवीची अँटिजेन चाचणी लवकर निकाल देते, पण ती मुख्यतः सेरोग्रुप १ हा लिजिओनेलाचा एक उपप्रकारच पकडते. टॉवर धुणाऱ्या प्रत्येक माणसाला, ठेकेदाराच्या माणसालाही, एक छापील चिठ्ठी द्या: 'मी अमुक तारखेला कूलिंग टॉवरच्या साफसफाईचे काम केले आहे.' तालुक्याच्या दवाखान्यात ती चिठ्ठी त्याचा जीव वाचवू शकते.

उद्योजक संघटनांना एक विनंती. ब्रिटनमध्ये १९९२ पासून कूलिंग टॉवरची माहिती स्थानिक प्रशासनाला कळवणे सक्तीचे आहे. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये ब्राँक्समधल्या साथीत १६ जण गेल्यानंतर नोंदणी आणली. आपण कायद्याची वाट बघायची गरज नाही. तुमच्या वसाहतीतल्या प्रत्येक टॉवरचा आणि स्क्रबरचा ठिकाणा, क्षमता आणि जबाबदार माणसाचा फोन अशी एक यादी संघटनेच्या कार्यालयात ठेवा. एकाच भागातून तीन-चार न्यूमोनियाचे रुग्ण आले तर कुठे बघायचे हे तासाभरात कळेल. एफएफपी-३ मास्क, डीपीडी किट आणि लॅबची चाचणी एकत्र घेतली तर लहान कारखान्यांनाही परवडेल.

शटडाउनला अजून दिवस आहेत. या आठवड्यात करायचे ते एवढेच: हायपोची ताकद तपासा, मास्क मागवा, एलिमिनेटरचे माप घेऊन ऑर्डर द्या, कारण ते ऐनवेळी मिळत नाहीत. आणि टॉवर पुन्हा सुरू झाल्यावर ३ ते ७ दिवसांत लिजिओनेलाचा नमुना पाठवायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपले,
वॉटर ट्रीटमेंट आणि युटिलिटी क्षेत्रात काम करणारे अभियंते, रसायनतज्ज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ